ऑफ-रोड गाडीतला बिनतारी संच: आधी परवाना, मग अँटेना, वॉटचा विचार शेवटी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून निघणाऱ्या पाच गाड्यांच्या गटात फायबरचे हार्डटॉप असलेली एक थार, दोन जिम्नी, एक गुरखा आणि एक जुनी बोलेरो आहे. पावसाळ्यात सह्याद्रीतले घाट आणि नंतर स्पिती असा बेत आहे. या गाड्यांसाठी कोणता बिनतारी संच घ्यावा, तो किती वॉटचा असावा आणि ॲक्सेसरीच्या दुकानदाराने सुचवल्याप्रमाणे सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वीज घेऊन, छतावर चुंबकाची अँटेना चिकटवून काम भागेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी हॅम, म्हणजे हौशी नभोवाणीचा, परवानाधारक आहे आणि बरीच वर्षे स्वतःच्या व मित्रांच्या गाड्यांत असे संच बसवत आलो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

पहिले उत्तर दुकानदाराने दाखवलेल्या यादीत नसते. आपण कोणाशी बोलणार आहात, हे आधी ठरवावे लागते. ताफ्यातल्या पुढच्या आणि मागच्या गाडीत घाटात फार तर एक-दीड किलोमीटरचे अंतर पडते, आणि तेवढ्यासाठी ५० वॉटच्या संचाची गरज नसते. उलट गट दोन भागांत विभागला गेला, एक गाडी नदीपात्रातून माघारी फिरली आणि दुसरी डोंगराच्या पलीकडे उतरली, तर खिशातल्या हँडसेटचा काही उपयोग होत नाही. या दोन गरजा वेगळ्या आहेत, त्यांची यंत्रे वेगळी आहेत आणि भारतात त्यांचे कायदेही वेगळे आहेत. म्हणून कायद्यापासून सुरुवात करणे भाग आहे.

बिनतारी संच नुसता जवळ बाळगण्यासाठीही आपल्याकडे १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून परवाना लागत आला आहे, आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यानेही ती चौकट कायम ठेवली आहे. काही मोजक्या पट्ट्यांना सरकारने परवान्यातून सूट दिली आहे. ताफ्याच्या दृष्टीने त्यांतला सर्वांत उपयोगी पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा आहे. २०१८च्या नियमांनुसार या पट्ट्यातल्या अल्पशक्तीच्या संचांना परवाना लागत नाही, मात्र प्रत्यक्ष बाहेर फेकली जाणारी शक्ती अर्ध्या वॉटच्या आत असावी लागते आणि त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता, म्हणजे ईटीए, असावी लागते. ऑनलाइन दुकानांत जे स्वस्त हँडसेट सर्रास मिळत होते, त्यांतले बरेचसे या अटींत बसत नाहीत. ते पाच वॉटचे असतात आणि पोलिसांसारख्या इतरांच्या वारंवारतेवरही लावता येतात. याच कारणाने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५मध्ये वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. संच कोणत्या वारंवारतेवर चालतो, त्याला परवाना लागतो की नाही आणि ईटीए आहे की नाही, हे विक्रेत्याने आता उघडपणे सांगायचे आहे. खरेदीच्या वेळी या तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पाच वॉटचा संच घेऊन त्यावर ४४६ची वाहिनी भरली की तो कायदेशीर होतो, हा समज मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे.

आपण विचारले आहे की असा हँडसेट गाडीत ठेवून छतावरच्या अँटेनेला जोडता येईल का. मर्यादा संचाच्या शक्तीवर नसून बाहेर पडणाऱ्या शक्तीवर आहे, त्यामुळे ज्या क्षणी आपण अर्ध्या वॉटच्या संचाला लाभ देणारी, म्हणजे शक्ती ठरावीक दिशेला एकवटणारी, बाहेरची अँटेना लावाल, त्या क्षणी सवलतीची अट मोडेल. हे संच जसे आहेत तसेच वापरावेत. पोलादी छताच्या गाडीत ते मांडीवर ठेवण्याऐवजी डॅशबोर्डवर, पुढच्या काचेजवळ उभे ठेवले, तर फरक लगेच जाणवतो, कारण रेडिओ लहरी काचेतून जातात आणि पत्र्याला अडतात. मोकळ्या माळावर एक-दोन किलोमीटर आणि घाटाच्या वळणांत काही शे मीटर, एवढीच अपेक्षा त्यांच्याकडून ठेवावी. पट्ट्यात १२.५ किलोहर्ट्झ अंतराच्या १६ वाहिन्या बसतात. लोणावळ्याला सुट्टीच्या दिवशी त्यांवर गर्दी असते, म्हणून एक मुख्य आणि एक पर्यायी वाहिनी निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावी. सीटीसीएसएस नावाचा उपस्वर लावला म्हणजे आपले बोलणे कोणी ऐकत नाही असे मुळीच नाही. दुसऱ्यांचे बोलणे आपल्या स्पीकरवर येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

परवान्याशिवायचा दुसरा पट्टा सिटिझन बँडचा, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आणि पाच वॉट शक्तीचा. अमेरिकेतल्या चलचित्रांमुळे त्याचे आकर्षण वाटते, पण २७ मेगाहर्ट्झची पाव-तरंग, म्हणजे लहरीच्या लांबीच्या पाव इतकी, अँटेना सुमारे पावणेतीन मीटर लांब होते आणि आखूड केली की कार्यक्षमता गमावते. नियमातली अँटेनाविषयीची अट वाचल्याशिवाय गाडीबाहेर काही लावूही नये. आपल्या गटासाठी मी तो सुचवणार नाही.

तिसरा मार्ग हौशी नभोवाणीचा, म्हणजे हॅमचा. या परवान्यावर भारतात १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे मिळतात, गाडीत बसणारा खराखुरा मोबाइल संच वापरता येतो आणि बाहेरची अँटेना लावता येते. त्यासाठी डब्ल्यूपीसीची परीक्षा द्यावी लागते, किमान वय १२ वर्षे आहे आणि रिस्ट्रिक्टेड या खालच्या श्रेणीला मोर्स संकेतलिपीची अट नाही. तिचा अभ्यास नोकरी सांभाळून होण्यासारखा आहे. त्यानंतर व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारे स्वतःचे कॉलसाइन, म्हणजे हवेवरचे ओळखनाव, मिळते. शक्तीची मर्यादा श्रेणीनुसार वेगळी असते आणि ती परवान्यावर पाहूनच संचाचे पॉवर सेटिंग ठरवावे. दोन बंधने मात्र नीट समजून घ्यावीत. हा परवाना व्यक्तीचा असतो, गाडीचा किंवा क्लबचा सरसकट नसतो, म्हणजे परवानाधारक गाडीत नसताना चालकाने त्याचा संच वापरणे चालत नाही. शिवाय हॅमचे पट्टे धंद्यासाठी वापरता येत नाहीत. कोणी पैसे घेऊन सहली चालवत असेल, तर त्याने स्वतःच्या ताफ्यासाठी वारंवारता नेमून देणारा स्वतंत्र परवानाच घ्यायला हवा.

म्हणून माझा सल्ला असा आहे. पाचही गाड्यांत आत्ताच ईटीए असलेले ४४६चे हँडसेट ठेवावेत. त्याच वेळी गटातल्या निदान दोघांनी, आणि शक्यतो जे नेहमी सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे असतात त्यांनीच, हॅमची परीक्षा द्यावी. परवाना हातात आला की त्या दोन गाड्यांत १४५ मेगाहर्ट्झचे मोबाइल संच बसवावेत. मधल्या गाड्यांचे काम हँडसेटवर होते आणि ताफ्याची दोन टोके एकमेकांना सहसा अंतरत नाहीत. पाचही गाड्यांत महागडे संच परवान्याविना बसवण्यापेक्षा ही मांडणी स्वस्त आहे आणि पोलिसांनी नाक्यावर गाडी थांबवली तरी घाबरण्याचे कारण राहत नाही. येथून पुढचे सर्व विवेचन या दोन गाड्यांच्या मोबाइल संचांविषयी आहे.

वॉटविषयी आपण विशेष विचारले आहे, म्हणून आकडेच देतो. पाच वॉटचे पन्नास वॉट केले की शक्ती दहापट होते, म्हणजे १० डेसिबलची वाढ होते. संचाच्या सिग्नल मीटरवर एक एस-अंक साधारण ६ डेसिबलचा धरतात, म्हणजे दहापट शक्तीने दोन अंकही सरकत नाहीत. या पट्ट्यात लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशात अँटेनेच्या मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ने गुणले की रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. दोन्ही गाड्यांच्या अँटेना जमिनीपासून दोन मीटरवर असतील, तर प्रत्येकीचे जवळपास ५.८, मिळून साडेअकरा किलोमीटर येतात, आणि झाडे, घरे, चढउतार धरता प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. आता तीच गाडी सिंहगडावर, म्हणजे पुण्याच्या पातळीहून सुमारे साडेसातशे मीटर उंच नेली, तर तेच गणित शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. शक्ती तीच, संच तोच. वरंध घाटात दरीच्या तळाशी असताना ५० वॉट जे करू शकत नाहीत, ते रस्त्याने खिंडीपर्यंत वर येऊन पाच वॉट करतात. त्यामुळे २५ वॉटचा साधा, एका पट्ट्याचा, मजबूत बांधणीचा संच मी बिनदिक्कत सुचवतो. दोन पट्ट्यांचा संच घेण्यात वावगे काही नाही, पण डोंगराच्या कडेवरून किंचित वळून पलीकडे जाण्याचा आणि ओल्या झाडीत कमी शोषले जाण्याचा गुण १४५ मेगाहर्ट्झमध्ये ४३५पेक्षा अधिक आहे, म्हणून सह्याद्रीत तो पट्टा मुख्य ठेवावा.

संच निवडताना तीन गोष्टी हाताळून पाहाव्यात. पुढचा पॅनेल मूळ डब्यापासून वेगळा काढून केबलने जोडता येतो का, कारण थार आणि जिम्नीच्या डॅशबोर्डवर संपूर्ण संच बसेल अशी जागाच नसते. स्पीकर समोरच्या बाजूस आहे की तळाशी, कारण तळाचा स्पीकर सीटखालच्या गालिच्यात गाडला जातो आणि मग बाहेरचा स्पीकर लावावाच लागतो. आणि वाहिनी बदलण्याचे बटण हातमोजे घालून, गाडी आपटत असताना, न पाहता सापडते का. मेनूतली पन्नास वैशिष्ट्ये प्रवासात कोणी वापरत नाही.

आता अँटेना. खरा खर्च आणि खरी मेहनत येथे करायची आहे. १४५ मेगाहर्ट्झची पाव-तरंग अँटेना जेमतेम ५० सेंटिमीटरची असते. ती एकटी काम करत नाही. तिच्या खाली धातूचा पृष्ठभाग लागतो, त्याला ग्राउंड प्लेन म्हणतात, आणि तो अँटेनेचा अर्धा भागच असतो. जिम्नी, गुरखा आणि बोलेरोचे छत पोलादी आहे, त्यामुळे छताच्या मध्यावर पाव-तरंग अँटेना सर्व दिशांना सारखी चालते. आपल्या थारचे हार्डटॉप फायबरचे आहे. त्यावर चुंबक चिकटणारच नाही, आणि चिकटवण्याची दुसरी युक्ती केली तरी खाली धातू नसल्याने अँटेना बिघडलेलीच राहील. थारसाठी दोन चांगले पर्याय आहेत. बोनेटच्या मागच्या कोपऱ्याला, पुढच्या काचेच्या खांबाजवळ, कडेला पकडणारा ब्रॅकेट लावून तिथे पाव-तरंग बसवता येते. बोनेटचा पत्रा ग्राउंड प्लेनचे काम करतो, फक्त पुढच्या दिशेला सिग्नल थोडा अधिक आणि मागे थोडा कमी जातो. किंवा सुमारे एक मीटर लांबीची अर्ध-तरंग अँटेना घ्यावी, जिला ग्राउंड प्लेनची गरज नसते. ती त्याच ब्रॅकेटवर किंवा मागच्या बंपरजवळच्या मजबूत ब्रॅकेटवर बसते. सॉफ्टटॉप गाड्यांनाही हेच लागू आहे. मात्र उघड्या गाडीत अँटेना मागे बसलेल्या माणसाच्या डोक्याजवळ येत असेल तर ती जागा सोडून द्यावी. प्रवासी आणि अँटेना यांत निदान एक मीटर अंतर हवे आणि उघड्या गाडीत शक्तीही कमी ठेवावी.

पाच-अष्टमांश तरंगाच्या, सव्वा मीटरहून लांब अँटेनेचा लाभ कागदावर अधिक असतो. तिचा सिग्नल क्षितिजाकडे दाबलेला असतो, मराठवाड्याच्या पठारावर तो उपयोगी पडतो, पण घाटात पुढची गाडी आपल्यापेक्षा दोन वळणे वर असते आणि सिग्नल वरही जायला हवा असतो. साधी पाव-तरंग तिथे उजवी ठरते, शिवाय करवंदीच्या जाळीत अडकून मोडण्याची शक्यताही कमी. तळाशी स्प्रिंग असलेली अँटेना घेतली तर आणखी चांगले.

चुंबकाच्या तळाविषयी माझे मत स्पष्ट आहे: चाचणीसाठी तो उत्तम, कायमच्या वापरासाठी नको. पत्र्यात आणि चुंबकात चिखलाची बारीक वाळू शिरते आणि काही महिन्यांत रंगावर गोल ओरखडा उमटतो. फांदी लागली की तो सरकतो, दरवाज्यातून आत घेतलेली केबल प्रत्येक उघडझापीला चेपते आणि तिच्यातले पांढरे इन्सुलेशन दबले की वरून काही न दिसता सिग्नल बिघडतो. जिम्नीला छताच्या कडेने पावसाच्या पाण्याची पन्हाळ आहे, बोलेरोलाही आहे. तिला पकडणारा क्लॅम्प मिळतो आणि तो छताला भोक न पाडता पक्का बसतो. क्लॅम्पचे बारीक स्क्रू रंग कापून पत्र्यापर्यंत पोहोचले पाहिजेत. मल्टिमीटरची एक टोक-पिन क्लॅम्पवर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून रोध जवळजवळ शून्य येतो का, ते पाहावे आणि उघड्या पडलेल्या पत्र्यावर गंजरोधक लावावे. छताच्या मध्यावर १९ मिलिमीटरचे भोक पाडून एनएमओ माउंट, म्हणजे अँटेनेचा कायमचा तळ, बसवणे तांत्रिकदृष्ट्या सर्वांत चांगले. ते मी फक्त आपल्या जुन्या बोलेरोसाठी सुचवीन, कारण तिथे वॉरंटीचा प्रश्न उरलेला नाही. बोनेटवर ब्रॅकेट लावला असेल तर बोनेट आणि बॉडी यांना जोडणारी चपटी विणीव पट्टी बिजागरीजवळ लावावी. बिजागरीच्या ग्रीसमधून विजेचा संपर्क नेहमी चांगला राहतो असे धरून चालू नये. छतावर लोखंडी कॅरियर असेल, तर अँटेना त्याच्या दांड्यांमध्ये दडवू नये.

संच आणि अँटेना यांना जोडणारी कोॲक्स केबल गरजेपुरतीच ठेवावी. आरजी-५८ जातीची केबल १४५ मेगाहर्ट्झवर पाच मीटरमागे साधारण एक डेसिबल, म्हणजे सुमारे वीस टक्के शक्ती खाते, आणि ४३५वर त्याहून बरीच अधिक. उरलेली केबल वेटोळे करून सीटखाली कोंबण्याऐवजी कापावी. आत येण्याआधी केबलला खाली झुकणारा एक वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून आत न शिरता तिथेच ठिबकते. केबलच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर जलरोधक नसतो. बाहेरच्या प्रत्येक जोडावर स्वतःत मिसळणारी रबर टेप ताणून गुंडाळावी आणि तिच्यावर साधी इन्सुलेशन टेप द्यावी. कोकणात उतरणाऱ्या गाडीच्या केबलमध्ये एकदा पाणी शिरले की ते जाळीतून आतपर्यंत ओढले जाते, तांबे काळे पडते आणि मग केबल बदलण्याशिवाय इलाज नसतो. केबल नेताना पुढच्या खांबाच्या आच्छादनाखाली पडदा-एअरबॅग आहे का, हे आधी पाहावे. असेल तर तिच्यावरून केबल कधीही नेऊ नये.

विजेचा प्रश्न दुकानदाराने फार सोपा करून सांगितला आहे. पन्नास वॉटचा संच बोलताना १० ते १२ अँपिअर ओढतो, २५ वॉटचा साधारण पाच-सहा. लायटरच्या सॉकेटमागची तार आणि फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअरचे असतात, खाचेतला संपर्क स्प्रिंगवर टिकलेला असतो आणि खडबडीत रस्त्यावर तो क्षणभर सुटतो. बोलता बोलता संच बंद होऊन पुन्हा सुरू होण्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांच्या मुळाशी बहुधा हेच असते. हँडसेट चार्ज करण्यासाठी ते सॉकेट ठीक आहे. मोबाइल संचाला थेट बॅटरीपासून स्वतंत्र तार हवी. चार मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन आठ मीटर तांबे होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत १२ अँपिअरला जवळपास ०.६६ व्होल्ट गळतात, ४ चौरस मिलिमीटरमध्ये ०.४१ आणि ६मध्ये ०.२८. संच १३.८ व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि इंजिन बंद असताना बॅटरी साडेबाराच्या आसपास असते, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा ठरतो. २५ वॉटला ४ चौरस मिलिमीटर पुरते, ५० वॉटला ६ घ्यावी.

धन तारेवर फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत असावा. फ्यूज संचाचे रक्षण करतो असे मानले जाते, पण त्याचे पहिले काम तारेला आग लागू न देणे हे आहे, आणि बॅटरी ते फ्यूज हा तुकडा नेहमीच असुरक्षित राहतो. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, जाताना तार रबरी ग्रोमेटमधूनच न्यावी, इंजिनच्या बाजूला तिच्यावर कॉरुगेटेड स्लीव्ह चढवावी आणि एक्झॉस्टपासून दूर बांधावी. तारेच्या टोकांचे लग क्रिंप करून, म्हणजे दाबून, घ्यावेत. नुसते डाग दिलेले जोड हादऱ्यांनी डागाच्या कडेला तुटतात. ऋण तारेबाबत नव्या गाड्यांत काळजी हवी. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर विद्युतप्रवाह मोजणारा सेन्सर असतो. संचाची ऋण तार थेट त्या टोकावर लावली की संचाने घेतलेली वीज सेन्सरला दिसत नाही आणि गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो. अशा गाडीत ऋण तार बॅटरीची केबल बॉडीला जिथे जोडलेली आहे, त्या बोल्टवर लावावी. ज्या जुन्या गाडीत ती थेट बॅटरीला लावाल, तिथे ऋण तारेवरही फ्यूज ठेवावा, कारण इंजिनची अर्थिंगची पट्टी सुटली तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह संचामार्फत वाट शोधतो. कंपनीच्या हार्नेसला कुठेही चिमटा काढू नये. वॉरंटीचे भांडण तिथूनच सुरू होते.

संचाचा डबा सीटखाली ठेवण्याचा मोह होतो. थारची पाण्यातून जाण्याची घोषित खोली ६५० मिलिमीटर आहे, आणि दरवाज्याच्या रबरातून आत झिरपलेले पाणी आधी सीटखालीच साचते. डबा शक्यतो सीटच्या मागच्या बाजूस उंचावर, हवा खेळेल असा, धातूच्या पट्टीने आवळून बसवावा. उलटलेल्या गाडीत सुटा झालेला एक किलोचा डबा जीवघेणा ठरू शकतो, त्यामुळे दुहेरी टेपवर विसंबू नये.

जोडणी झाल्यावर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनेकडून संचाकडे परत येणाऱ्या शक्तीचे माप, मोजल्याशिवाय बोलण्यासाठी पीटीटी, म्हणजे माइकवरचे बटण, दाबू नये. गाडी मोकळ्या जागी, शेड आणि भिंतींपासून दूर उभी करावी, बोनेट व दरवाजे बंद करावेत, शक्ती सर्वांत कमी ठेवावी आणि १४४.२, १४५ व १४५.८ या तीन ठिकाणी वाचन घ्यावे. खालच्या टोकाला वाचन कमी आणि वरच्या टोकाला जास्त आले तर अँटेना लांब आहे, उलट आले तर आखूड. कापताना एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच कापावे. १.५च्या खाली आले की थांबावे, २पर्यंत चालते, ३ आले तर दोष जोडणीत आहे असे समजून क्लॅम्पच्या अर्थिंगपासून शोध घ्यावा. तिन्ही ठिकाणी वाचन सारखेच वाईट असेल, तर सळई कापून काही सुधारणार नाही.

त्यानंतर एक चाचणी बहुतेक जण करत नाहीत, आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते. मित्राला दुसऱ्या गाडीने इतके दूर पाठवावे की त्याचा आवाज कमीत कमी शक्तीवर खरखरीसह, जेमतेम समजेल असा यावा. तो एक ते वीस अंक सावकाश मोजत असताना आपण गाडीतली उपकरणे एकेक करून सुरू करावीत: इंजिन, एसीचा पंखा, डॅशकॅम, फोनचा यूएसबी चार्जर, छतावरची एलईडी लाइटबार. एखादे बटण दाबताच त्याचा आवाज खरखरीत बुडाला, तर दोषी सापडला. बहुधा तो स्वस्त यूएसबी चार्जर किंवा लाइटबारचा ड्रायव्हर असतो. त्यांच्यातली स्विचिंग सर्किटे नेमक्या आपल्या पट्ट्यात गोंगाट ओततात, आणि लाइटबार तर अँटेनेपासून हातभर अंतरावर असते. चार्जर बदलावा, लाइटबारच्या तारेवर तिच्या मुळाशीच गोंगाट शोषणारे फेराइटचे कडे चढवावे आणि तिची तार कोॲक्सला समांतर नेऊ नये. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल, तर ती अल्टरनेटरची आहे. अशा वेळी ऋण तारेचा जोड आधी तपासावा. हा गोंगाट काढल्याने जेवढा पल्ला वाढतो, तेवढा शक्ती दुप्पट करूनही वाढत नाही.

वापराविषयी थोडेच. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातात धरायच्या संपर्क साधनांच्या वापराला धोकादायक चालवण्यात गणले आहे, त्यामुळे माइक शेजारच्या माणसाच्या हातात असावा. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोलावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि "उजवीकडे थांबा"मधला तोच शब्द महत्त्वाचा असतो. एफएमवर दोघे एकदम बोलले की जोरदार सिग्नल दुसऱ्याला पूर्ण झाकतो, आणि बोलणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून पुढच्या गाडीची प्रत्येक सूचना शेवटच्या गाडीने परत उच्चारावी.

स्पितीसाठी तांत्रिक बदल काहीच लागत नाही, कुंझुम खिंडीच्या साडेचार हजार मीटर उंचीचा संचावर परिणाम होत नाही. परवान्याची मूळ प्रत आणि हँडसेटच्या ईटीएची छापील प्रत जवळ ठेवावी, सीमेलगतच्या तपासणी नाक्यांवर संच असल्याचे आपण होऊन सांगावे आणि तिथला जवान बंद करायला सांगेल तेव्हा तो बंद करावा. आपल्यातल्या एकाने परदेशातून उपग्रह-संदेशवाहक आणण्याचे लिहिले आहे. तो आणू नये. थुराया आणि इरिडियम या उपग्रह-सेवांची साधने दूरसंचार विभागाच्या परवानगीविना बाळगणे भारतात बेकायदा आहे, आणि डिसेंबर २०२४मध्ये गोव्याच्या विमानतळावर असेच साधन सापडल्याने एका परदेशी प्रवासी महिलेवर कारवाई झाली होती.

पहिल्या खडतर सहलीहून परतल्यावर क्लॅम्पचे स्क्रू, बॅटरीवरचे लग आणि फ्यूजचा होल्डर पुन्हा आवळावेत व एसडब्ल्यूआर पुन्हा मोजून आधीच्या वाचनाशी ताडून पाहावा. ते तीन आकडे ग्लोव्ह बॉक्समध्ये कागदावर लिहून ठेवावेत. पावसाळा संपल्यावर वाचन चढलेले दिसले, तर बाहेरच्या जोडावरची टेप सोडून आत पाणी आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.